टोकन गावात, सर्व्हर शहरात: मधली वाट नीट बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरच्या कार्यालयांतले संगणक चिखलात गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले होते. त्या दोन तडाख्यांनंतर इथल्या पतसंस्था, करसल्लागार, काजू कारखानदार आणि ठेकेदार यांच्यात एक विचार रुजला: हिशेबाचा संगणक टेबलाखाली ठेवायचा नाही. तो मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये, निदान माडीवरच्या एका दणकट सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, यापुढे ‘व्हीएम’) म्हणून चालवायचा. विचार अगदी योग्य आहे. गाडी अडते ती बोटाएवढ्या एका वस्तूपाशी. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन कुडाळात सचिवांच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि सही मागणारी मशीन अशा जागी असते जिथे टोकन खुपसायला भोकच नाही.

मग कोणीतरी सांगते की यूएसबी नेटवर्कवरून नेता येते. ते खरे आहे. पण ती न्यायलाच हवी का, हे कोणी विचारत नाही. प्रिंटर, वजनकाटा, टोकन, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली), कॅमेरा सगळ्यांना एकच औषध दिले जाते, आणि नंतर ‘आमच्याकडे नेटच चालत नाही’ म्हणून खापर लाईनवर फुटते. या भागात नेटवर्क आणि सर्व्हरची कामे करणारे आम्ही काही जण आहोत. हे एकदा सविस्तर छापून यावे म्हणून हा लांबलचक पत्रप्रपंच.

यूएसबीचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. यूएसबी 2.0 ची केबल जास्तीत जास्त 5 मीटरची, आणि सगळी रचना त्या अंतरासाठी केलेली. जोडलेली वस्तू आपणहून बोलत नाही. संगणक विचारतो, मग ती उत्तर देते, आणि हे दर सेकंदाला शेकडो वेळा चालते. टेबलावर या विचारपुशीला वेळ लागत नाही. नेटवर्कवर मात्र प्रत्येक प्रश्नाला जाऊन-येऊन वेळ मोजावा लागतो. पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, 40 मिलिसेकंद येत असेल आणि एका सहीसाठी टोकनशी एकामागून एक 50 वेळा देवाणघेवाण होत असेल, तर नुसत्या प्रवासात 2 सेकंद जातात. हे चालून जाते. आता पेनड्राइव्ह घ्या. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत हुकूम, माहिती आणि पोच असे तीन टप्पे असतात. एका खेपेला 64 किलोबाइट धरले तर 120 मिलिसेकंदांत 64 किलोबाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. लाईन 100 एमबीपीएसची घ्या नाहीतर 300 ची, हा आकडा हलत नाही, कारण अडवणूक वेगाची नसून अंतराची आहे. ‘प्लॅन वाढवा’ हा सल्ला इथे फुकट जातो.

कॅमेऱ्याचे गणित त्याहून वाईट. 640 बाय 480 चे साधे, न दाबलेले चित्र सेकंदाला 30 वेळा पाठवायचे तर सुमारे 147 मेगाबिट लागतात. शिवाय कॅमेरा आणि माईक यांची पाकिटे ठरलेल्या वेळेलाच पोहोचावी लागतात. उशिरा आलेले पाकीट फेकले जाते. त्यांना या वाटेने नेऊ नये.

लेबल प्रिंटर हा सगळ्यात सामान्य घोटाळा. आंब्याच्या पेट्यांवर, काजूच्या पाकिटांवर चिकटवायची लेबले छापणारा प्रिंटर यूएसबीने ओढत व्हीएममध्ये नेतात, आणि ऐन एप्रिलमध्ये, पेट्या गाडीत भरायच्या वेळी, तो ‘ऑफलाइन’ होतो. याची काही गरज नसते. इथरनेट असलेला प्रिंटर घ्या, त्याला राउटरमध्ये कायमचा पत्ता द्या आणि व्हीएममध्ये टीसीपी पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार) 9100 ने जोडा. इथरनेट नसेल तर प्रिंट सर्व्हर (प्रिंटर नेटवर्कला जोडणारी छोटी पेटी) किंवा गोदामातलाच एखादा जुना संगणक प्रिंटर शेअर करू शकतो. मधली लाईन क्षणभर गेली तर काम रांगेत थांबते आणि लाईन आल्यावर छापले जाते. यूएसबी तुटली तर काम अर्ध्यावर मरते आणि रोलवर कोरी लेबले सरकतात.

वजनकाट्याचेही तेच. काट्यातून येते ती सिरियल लाईन (एकामागून एक अक्षर पाठवणारी साधी तार), बहुधा 9600 बॉडवर (बॉड म्हणजे तिचा वेग), सेकंदाला काही ओळी, प्रत्येक ओळीत आकडा आणि शेवटी किलोचे चिन्ह. तिच्यापुढे सीएच 340 किंवा एफटीडीआयची चिप असलेली यूएसबी वायर लागलेली असते. एवढ्याशा मजकुरासाठी अख्खे यूएसबी नेटवर्कवर चढवणे म्हणजे नारळाच्या करवंटीसाठी ट्रक सांगणे. काट्याशेजारच्या छोट्या लिनक्स पेटीवर सेर-टू-नेट नावाचा प्रोग्राम बसवा. तो सिरियल पोर्ट एका टीसीपी पोर्टवर उघडतो, आणि व्हीएममध्ये आभासी कॉम पोर्टचा ड्रायव्हर तो परत उघडतो. बॉड, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे काट्याच्या पुस्तिकेप्रमाणे सारखे ठेवा. ते चुकले तर आकड्यांऐवजी कचरा दिसतो, आणि तेवढ्यावरून चूक ओळखता येते.

आधारचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र तर मुळीच हलवू नका. त्याची आरडी सर्व्हिस (ठसा ब्राउझरला पोहोचवणारा प्रोग्राम) ज्या संगणकावर बसवली आहे त्याच संगणकाच्या 11100 ते 11120 या पोर्टांवर ऐकत असते, आणि ब्राउझर तिला तिथेच शोधतो. ठसा जिथे घ्यायचा, ब्राउझर तिथेच उघडा.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे डोंगल हा वेगळा प्रकार. सेंटिनेल जातीच्या डोंगलला नेटवर्क लायसन्स मिळते: डोंगल कार्यालयातल्या एका संगणकाला लावायचे, त्याचा लायसन्स मॅनेजर टीसीपी आणि यूडीपी पोर्ट 1947 वर उभा राहतो, आणि व्हीएम त्याच्याकडे परवानगी मागते. विक्रेत्याला आधी हेच विचारा. एकट्या संगणकाचे लायसन्स असेल तर डोंगल स्वतः न्यावे लागेल, आणि तिथेही कंपनीने व्हर्च्युअल मशीन किंवा रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर उघडण्याची विंडोजची सोय) बंद करून ठेवलेले असू शकते. ते लायसन्समध्येच लिहिलेले असते. तारा बदलून त्यातून सुटका नाही. खरेदीच्या आधी लेखी उत्तर घ्या.

आता सहीचे टोकन. 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 ची डिजिटल सहीची प्रमाणपत्रे देणे बंद झाले, आता क्लास 3 चीच चालतात, आणि खासगी किल्ली (सही उमटवणारा गुप्त आकडा) टोकनच्या चिपमध्येच राहते. तिची फाईल काढून सर्व्हरवर टाकता येत नाही. म्हणून ही वस्तू खरोखरच कुठेतरी लावावी लागते. पण विवरणपत्र भरायला व्हीएममधलाच ब्राउझर का लागतो? हिशेबाचे सॉफ्टवेअर व्हीएममध्ये आहे, पोर्टल मात्र कुठूनही उघडते. सही करून देणारे जीएसटीचे एमसाइनर किंवा आयकराचे एमब्रिज ज्या संगणकावर ब्राउझर असेल त्याच संगणकावर चालावे लागते. तेव्हा व्हीएममध्ये फाईल तयार करा, शेअर फोल्डरमधून टेबलावरच्या संगणकावर आणा, तिथे टोकन लावा, तिथेच सही करा. महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवरच्या निविदेचेही तसेच. कार्यालयांची अडचण बहुतेक इथेच मिटते, एक पैसा खर्च न होता.

उरतात ते प्रसंग, जिथे व्हीएममधलेच सॉफ्टवेअर सही मागते: महिन्याची शेकडो बिले पीडीएफ करून सही लावणारे, किंवा कर्मचारी वेगवेगळ्या गावांतून एकाच मशीनवर काम करतात तेव्हा. तिथे पहिला उपाय रिमोट डेस्कटॉपमध्येच आहे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये ‘लोकल रिसोर्सेस’, मग ‘मोअर’, आणि ‘स्मार्ट कार्ड्‌स’ला टिक. इथे यूएसबी जात नाही, फक्त स्मार्ट कार्डचे हुकूम जातात, त्यामुळे ओझे फार कमी. अट एवढीच की टेबलावरच्या संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये टोकन ‘स्मार्ट कार्ड रीडर्स’खाली दिसले पाहिजे, आणि टोकन कंपनीचे सॉफ्टवेअर व्हीएममध्येही बसवलेले पाहिजे. ही दुसरी गोष्ट लोक नेमकी विसरतात.

याच्या उलट बाजूला एक सापळा आहे. तो माहीत नसल्यामुळे दिवसचे दिवस वाया जातात, म्हणून थोडे थांबून सांगतो. टोकन नेटवर्कवरून व्हीएमला नीट जोडलेले असते. सर्व्हरच्या कन्सोलवरून (व्हीएमचा स्वतःचा पडदा) पाहिले तर टोकनचे सॉफ्टवेअर ते दाखवते, प्रमाणपत्रही दिसते. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत जाता आणि तेच सॉफ्टवेअर म्हणते, ‘टोकन सापडले नाही’. टोकन बिघडलेले नसते. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्डसाठी तुमच्या समोरच्या संगणकाकडे पाहते, व्हीएमला लावलेल्या रीडरकडे पाहतच नाही. टोकन व्हीएमला लावायचे ठरवले असेल तर रिमोट डेस्कटॉप सोडून प्रॉक्समॉक्स (सर्व्हरवर व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) याच्या कन्सोलवरून, स्पाइस किंवा व्हीएनसी या पडदा दाखवणाऱ्या सोयींनी आत जा. नाहीतर टोकन समोरच्या संगणकाला लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे टिक करा. दोन्ही एकदम करू पाहाल तर काहीच चालणार नाही.

एवढे सगळे तपासूनही वस्तू न्यायचीच असेल, तर यूएसबी-आयपी, म्हणजे यूएसबीचे बोलणे नेटवर्कवरून नेणारे सॉफ्टवेअर. जपानच्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतून हे काम सुरू झाले, 2005 मध्ये त्यावर निबंध आला, आणि 2014 च्या लिनक्स 3.17 पासून ते कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मुख्य भागात आहे. त्याला लायसन्सचा खर्च नाही. मांडणी अशी: कार्यालयात रास्पबेरी पाय 4 (तळहाताएवढा लिनक्स संगणक, यापुढे नुसता ‘पाय’), त्यात टोकन. डेटा सेंटरमध्ये प्रॉक्समॉक्स चालवणारा सर्व्हर, त्यावर विंडोजची व्हीएम. मध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी सांकेतिक खासगी वाट.

पायवर यूएसबीआयपी हे पॅकेज टाका, यूएसबीआयपी-होस्ट हे मॉड्यूल चढवा आणि यूएसबीआयपीडी हा प्रोग्राम डी (मोठ्या लिपीतले) हा पर्याय देऊन मागे सुरू ठेवा. ‘यूएसबीआयपी लिस्ट’ला एल (छोट्या लिपीतले) हा पर्याय दिला की जोडलेल्या वस्तूंची यादी येते, प्रत्येकीपुढे बस आयडी, उदाहरणार्थ 1-1.3. हा आयडी पायच्या कोणत्या भोकात वस्तू आहे त्यावरून ठरतो, म्हणून भोक ठरवा आणि त्यावर रंगाचा ठिपका लावा. मग ‘यूएसबीआयपी बाइंड’ला बी पर्यायासह तो आयडी द्या. सर्व्हरच्या बाजूला व्हीएचसीआय-एचसीडी हे मॉड्यूल चढवा, आर पर्यायाने पायचा पत्ता देऊन यादी मागवा, आणि ‘यूएसबीआयपी अटॅच’ने पत्ता व आयडी दिला की टोकन सर्व्हरलाच लावल्यासारखे एलएसयूएसबी या हुकुमाच्या यादीत दिसते. शेवटी प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ‘हार्डवेअर’ पानावरून यूएसबी डिव्हाइस जोडा. काम संपल्यावर ‘यूएसबीआयपी पोर्ट’ने क्रमांक पाहून ‘डिटॅच’ करा. ही सगळी देवाणघेवाण टीसीपी पोर्ट 3240 वर चालते.

पाय नको असेल आणि कार्यालयातला विंडोज संगणक दिवसभर चालू असेल, तर यूएसबीआयपीडी-विन हा मोफत प्रोग्राम तेच काम करतो. त्यात एकदा केलेले बाइंड संगणक बंद-चालू झाल्यावरही टिकते. लिनक्सवर टिकत नाही, तिथे सिस्टिमडीची (सुरुवातीला प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) छोटी फाईल स्वतः लिहावी लागते. फायरवॉलचा नियम यूएसबीआयपीडी-विन स्वतः घालतो, पण तो नियम स्थानिक सबनेटपुरता, म्हणजे त्याच कार्यालयाच्या नेटवर्कपुरता असतो. बोगद्यातून येणारा पत्ता त्यात वाढवला नाही तर जोडणी नुसती लटकत राहते. व्हर्च्युअलहिअर हा विकतचा पर्याय आहे. त्याचे पोर्ट 7575, चाचणीच्या आवृत्तीत एकच वस्तू जोडता येते, आणि विंडोजच्या व्हीएममध्ये थेट बसतो. ज्यांच्याकडे लिनक्स सांभाळणारे कोणी नाही त्यांनी तो घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर व्हीएम चालवणाऱ्यांनी तर नेटवर्कचाच मार्ग धरावा, कारण यजमान संगणकाचे यूएसबी व्हीएमला देण्याची साधी सोय त्यात नाही. विंडोजमध्ये यूएसबी-आयपीचे काही जुने ड्रायव्हर ‘टेस्ट मोड’ चालू करून बसवायला सांगतात. पतसंस्थेच्या हिशेबाच्या मशीनवर ते करू नका. ड्रायव्हरच्या सहीची तपासणी त्याने ढिली पडते.

बिघाड कुठे होतात, ते आता. एकाच कंपनीची दोन टोकने असतील, अध्यक्षांचे आणि सचिवांचे, तर दोघांचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक अगदी सारखे असतात. प्रॉक्समॉक्समध्ये या क्रमांकांवरून जोडले तर व्हीएमच्या हाती कोणते टोकन लागेल सांगता येत नाही. सचिवांचा पिन अध्यक्षांच्या टोकनला दिला जातो, ‘पिन चुकला’ म्हणून पुन्हा दिला जातो, आणि ठराविक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होते. मग नवे प्रमाणपत्र, नवी कागदपत्रे, आणि तोवर निविदेची तारीख गेलेली. दोन सारखी टोकने एका वेळी जोडू नका. जोडावीच लागली तर क्रमांकाऐवजी यूएसबी पोर्ट निवडा, आणि पिन देण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्रावरचे नाव वाचा.

दुसरा बिघाड लाईन तुटल्यावरचा. मधली जोडणी तुटली की व्हीएमला वाटते टोकन उपटले. लाईन परत येते, पण अटॅच आपणहून होत नाही. आणि पायच्या बाजूला मात्र जुनी जोडणी जिवंत आहे असेच समजले जाते, म्हणून नवीन अटॅच केले की ‘वापरात आहे’ असे उत्तर येते. पायवर त्या वस्तूच्या सिसएफएस फोल्डरमध्ये (लिनक्स वस्तूंची स्थिती तिथे दाखवतो) यूएसबीआयपी-स्टेटस नावाची फाईल असते: 1 म्हणजे मोकळी, 2 म्हणजे वापरात, 3 म्हणजे चूक. 2 वर अडकली असेल तर पायवर अनबाइंड करून पुन्हा बाइंड करा. लायसन्सच्या डोंगलसाठी दर 30 सेकंदांनी पाहून पुन्हा जोडणारी स्क्रिप्ट जरूर लावा. सहीच्या टोकनला ती लावू नका, कारण ते माणसाच्या हातूनच जोडले गेले पाहिजे.

तिसरा बिघाड ओळखायला अवघड. टोकनचे नाव दिसते, प्रमाणपत्र उघडते, आणि मोठी फाईल सही करताना किंवा शेअर फोल्डर उघडताना सगळे गोठते. छोटी पाकिटे जातात, मोठी अडतात. कारण एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची बाइटमधली कमाल लांबी. वायरगार्ड सहसा 1420 धरतो. पण फायबरची लाईन पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडणारी पद्धत) असेल तर तिची मर्यादा 1492, त्यातून बोगद्याचे 80 वजा केले की 1412 उरतात. दोन्ही टोकांना 1412 लिहा. शंका असेल तर 1380 लिहून पाहा. थोडा वेग जाईल, पण गोठणे थांबेल.

घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या फायबरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून आत येता येत नाही. बोगदा आतूनच बाहेर काढावा लागतो: कार्यालयातल्या पायने डेटा सेंटरच्या पत्त्यावर पोर्ट 51820 ला जोडायचे आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (वाट जागी ठेवणारी हाक) 25 सेकंद ठेवायचे. ते नसेल तर काही मिनिटे शांतता झाली की वाट बंद होते, आणि बाहेरून कितीही हाका मारल्या तरी उघडत नाही.

आणि पोर्ट 3240 इंटरनेटवर कधीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका. यूएसबी-आयपीला ना पासवर्ड आहे ना सांकेतिकरण. पत्ता कळलेला कोणीही तुमचे टोकन आपल्या संगणकाला जोडू शकतो, आणि वाटेत ऐकणाऱ्याला तुमचा पिनही वाचता येऊ शकतो. बोगद्याच्या पत्त्यावरून आलेलेच स्वीकारेल असा फायरवॉल नियम पायवर लावा, मगच टोकन लावा.

आता आपल्या हवेचे. समुद्राकाठच्या कार्यालयात दोन पावसाळे काढलेले टोकन हातात घ्या आणि पत्र्याच्या तोंडात उजेड धरून पाहा. चार सोनेरी पट्ट्यांच्या कडेला हिरवट काळी साय दिसेल. खाऱ्या वाऱ्याचे ते काम. टोकनचा दिवा लागतो, मध्येच विझतो, पुन्हा लागतो, आणि लिनक्सच्या नोंदीत ‘डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे 71’ असे येत राहते. तो आकडा म्हणजे तारेवरचे बोलणे अर्धवट पोहोचतेय. उणे 110 म्हणजे उत्तरच आले नाही. नेटवर्कला दोष देण्याआधी 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल न झडणाऱ्या कापडावर घेऊन पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या. भोक साफ होत नसेल तर अर्ध्या फुटाची एक्स्टेंशन वायर कायम लावून ठेवा. गंजली की वायर बदलायची, पाय नाही. टोकन वापरात नसताना सिलिका जेलच्या पुडीबरोबर झाकणाच्या डबीत ठेवा.

विजेचेही पाहा. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि त्याच्या चारही यूएसबी भोकांना मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. मोबाईलचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज 4.63 खाली जाते, पाय इशारा देतो, आणि टोकन आपोआप सुटून पुन्हा जोडले जाते. दोनहून जास्त वस्तू असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. लाईट गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालू असतो, पण भिंतीवरची फायबरची पेटी आणि नेटवर्कचा स्वीच मात्र साध्या बोर्डावर असतात. संगणक चालू पण नेट बंद, हे बघून माणूस चक्रावतो. त्या दोन्ही पेट्यांना 12 व्होल्टचा छोटा यूपीएस द्या, तो बसवण्याआधी पेटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्टेज वाचून. वारंवार लाईट जाऊन पायचे मेमरी कार्ड बिघडते, म्हणून सगळे नीट चालू झाल्यावर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ‘ओव्हरले फाईल सिस्टिम’ चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलेच जात नाही. मे महिन्यातल्या वळिवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजा कडाडू लागल्या की नुसता विजेचा स्वीच बंद करून भागत नाही. इथरनेटची लांब तार इमारतीबाहेरून आलेली असेल तर ती उपटून ठेवा.

लिनक्स बऱ्याच वस्तूंना झोपवतो आणि सगळ्याच टोकनांना त्यातून नीट उठता येत नाही. कर्नेलला ‘यूएसबीकोअर ऑटोसस्पेंड’ उणे 1 द्या. विंडोज संगणकावर पॉवर प्लॅनमधले ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. पायवर किंवा प्रॉक्समॉक्सवर पीसीएससीडी ही स्मार्ट कार्डची सेवा चालू असेल तर तीही बंद ठेवा, नाहीतर ती टोकन आधीच धरून बसते.

आता या पत्रामागचा आग्रह. अनेक ठिकाणी साहेबांचे टोकन सर्व्हरला कायम लावलेले आणि पिन कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असतो. नेटवर्कवरून यूएसबी न्यायची सोय झाली की ही सवय आणखी पक्की होते, कारण आता टोकन कोणाच्या डोळ्यांसमोरही राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चे कलम 42 सांगते की खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यायची आहे. निविदेवर किंवा बिलावर झालेली सही त्या व्यक्तीचीच धरली जाते. टोकन ज्याचे, पिन त्याचा, लावणारा आणि काढणारा हातही त्याचाच, एवढे प्रत्येक संस्थेने ठराव करून लिहून ठेवावे. पायशेजारी एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या कामासाठी जोडले, कधी काढले. वर्षाअखेर लेखापरीक्षकाला दाखवता येईल अशी ती असावी.

पंचायती, पतसंस्था आणि मच्छीमार संस्था यांनी व्हर्च्युअल सर्व्हरची खरेदी करताना विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. आपल्याकडच्या प्रत्येक यूएसबी वस्तूची यादी आणि तिच्यापुढे ती कोणत्या मार्गाने चालेल. सही कन्सोलवरून होईल की रिमोट डेस्कटॉपवरून. लाईन तुटल्यावर पुन्हा जोडायला काय करायचे, मराठीत एका पानावर. आणि बोगद्याच्या किल्ल्या कोणाकडे राहतील. पाचवी गोष्ट जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयसाठी: संगणक विभागात प्रात्यक्षिकाला एक पाय, एक जुने टोकन आणि एक प्रॉक्समॉक्सचा संगणक ठेवलात, तर इथलीच मुले हे काम करतील आणि मुंबईहून माणूस बोलवावा लागणार नाही.

निविदा भरायची असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी जोडणी करून एका साध्या पीडीएफवर सही उमटवून पाहा, प्रमाणपत्राची शेवटची तारीख वाचा, आणि टोकन लावलेला एक लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटसह तयार ठेवा. पोर्टल स्वतःच्या घड्याळाने बंद होते, आपल्या लाईटची वाट पाहत नाही.

आपले,
नेटवर्क व सर्व्हरची कामे करणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग